सेवेला निघालेली लेक

मे महिन्यातली दुपार. मी गच्चीवर कुरडया उलटत होते. तेवढ्यात खालून हाक आली, "ताई, आहात का घरात?" आमच्या बचत गटातल्या एक वहिनी आल्या होत्या. उन्हातून चालत आल्यामुळे चेहरा लाल झालेला. आधी गूळ-पाणी दिलं. मग त्यांनी पदराआडून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर सोडली. आत दोन पाटल्या. लग्नात त्यांच्या आईने घातलेल्या.

"सराफाकडे सोबत येता का? गहाण ठेवायच्यात. ह्यांना अजून बोलले नाहीये."

माझ्या पोटात धस्स झालं. घरात कुणी आजारी आहे का? तर नाही. दुकान अडचणीत आहे का? तेही नाही. त्यांची लेक पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या मुलामुलींनीच चालवलेला एक गट आहे, त्यातून ती सुट्टीत सहा आठवडे कंबोडियाला निघालेली. तिथल्या एका अनाथाश्रमात लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं. विमानाचं तिकीट, व्हिसा, राहणं-जेवण आणि फी मिळून सव्वा लाखाच्या घरात खर्च.

"हिंडायला जाते म्हणाली असती ना ताई, तर सरळ नाही म्हटलं असतं. पण पोरगी सेवेला निघालीय. देवाचंच काम. त्याला नाही कसं म्हणू?"

खरं सांगते मैत्रिणींनो, पहिल्यांदा मला अभिमानच वाटला. आपल्या गावची पोर समुद्रापलीकडे जाऊन कुणाच्या तरी उपयोगी पडणार! पण पाटल्या बघून मन अडखळलं. म्हटलं, "वहिनी, दोन दिवस थांबा. मी जरा माहिती काढते." ते दोन दिवस वाढत वाढत दोन आठवडे झाले. वाचत गेले, पुतण्याला बसवून इंटरनेटवर शोधायला लावलं, जुनी कात्रणं काढली. जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवते. कारण अशी पुरचुंडी उद्या तुमच्याही घरात सुटू शकते.

विद्यार्थ्यांनी परमुलखात जाऊन सेवा करायची, ही गोष्ट तशी नवी नाही. १९६० सालच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आलेली. उमेदवार जॉन केनेडी मिशिगन विद्यापीठात पोचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, तरी हजारो मुलं-मुली थांबून होती. केनेडींनी त्यांना विचारलं, घानासारख्या देशात जाऊन काही वर्षं काम करायची तुमच्यातल्या किती जणांची तयारी आहे? निवडणुकीतलं बोलणं आपण ऐकतो आणि विसरतो. त्या मुलांनी ते सोडलं नाही. सह्यांची मोहीम काढली, पाठपुरावा केला. केनेडी निवडून आले आणि १ मार्च १९६१ ला 'पीस कोअर' सुरू झालं. तेव्हापासून आजवर दोन लाख चाळीस हजारांहून जास्त अमेरिकन स्वयंसेवक देशोदेशी जाऊन आले.

आपल्याकडेही १९६१ ते १९७६ या काळात ही मंडळी येत होती. १९६६ साली त्यांच्यात एक ६८ वर्षांच्या आजीबाई होत्या. लिलियन कार्टर त्यांचं नाव, पेशाने नर्स. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी जवळजवळ पावणेदोन वर्षं रुग्णसेवा केली. पुढे १९७७ साली त्यांचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा अध्यक्ष झाला!

म्हणजे बघा, तेव्हा आपण घेणारे होतो. आता आपल्या तालुक्याच्या गावातल्या लेकी देणाऱ्या म्हणून निघाल्यात. हा बदल मला लहान वाटत नाही. त्यात आणखी एक भर पडली आहे. केनेडींच्याच काळात, १९६१ मध्येच, अमेरिकन सरकारची परदेशी मदत बघणारी 'यूएसएड' ही यंत्रणा उभी राहिली होती. तिची बहुतेक कामं २०२५ साली रद्द झाली आणि १ जुलै २०२५ ला तिचं स्वतंत्र कामकाज थांबलं. सरकारं हात आखडता घेऊ लागली की छोट्या गटांकडे, तरुण पोरांकडे डोळे लागतात. म्हणूनच ही पोरं काय करतात आणि कसं करतात, हे आत्ता नीट बघायला हवं.

पीस कोअरची नेमणूक दोन वर्षांची असे. त्याआधी जवळपास तीन महिने तिथली भाषा आणि रीतभात शिकवत. हळूहळू मात्र दुसरीच पद्धत वाढली. दोन आठवडे, महिना, फार तर सहा आठवडे. काम सुट्टीच्या मापाने बेतायचं. पुढच्या शिक्षणाच्या अर्जात, नोकरीच्या मुलाखतीत ते दाखवता येतं. मुलांच्या मनात कळवळा खराच असतो, त्याबद्दल मला शंका नाही. पण कळवळ्याला मागणी आली, की पुरवठा करणारेही उभे राहतात. कंबोडियात नेमकं हेच झालं.

कंबोडियाने फार सोसलं आहे. १९७५ ते १९७९ या चार वर्षांत पोल पॉटच्या खमेर रूज राजवटीत पंधरा-वीस लाख माणसं मेली असावीत, असं मानतात. घरंच्या घरं उठली. त्यामुळे 'कंबोडियातली अनाथ मुलं' म्हटलं की कुणाचंही काळीज हलतं. पुढे शांतता आली, अंगकोर वाटची देवळं बघायला पर्यटक लोटले आणि त्यांच्यासोबत सेवाभावी विद्यार्थीही. आता गंमत बघा, गंमत कसली, दुःखच ते. लढाई संपून वर्षं उलटली तशी अनाथ मुलं कमी व्हायला हवीत. पण २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली! २०१० साली असे २६९ आश्रम होते, त्यातले सरकारी फक्त २१. आत जवळजवळ बारा हजार मुलं. कंबोडिया सरकार आणि युनिसेफ यांनी मिळून २०११ साली जी पाहणी पुढे आणली, तिच्यात दिसलं की या मुलांपैकी चारातल्या जवळपास तिघांची आई किंवा वडील हयात आहेत.

चारातल्या तिघांची! मी हा आकडा दोनदा वाचला. मग ती मुलं आश्रमात का? तर गरिबीमुळे. गावात कुणीतरी येतं, आईला सांगतं, "आश्रमात पोराला पोटभर जेवण मिळेल, शाळा मिळेल, गोरी माणसं इंग्रजी शिकवतात." आई विचार करते, आपल्यापाशी राहून काय मिळणार आहे त्याला? आणि काळजावर दगड ठेवून पोराला धाडते. आश्रम पाहुण्यांच्या देणग्यांवर चालतो. पाहुणे यायला हवेत म्हणून मुलं हवीत. कुठे कुठे तर पाहुण्यांना दया यावी म्हणून मुलांना मुद्दाम फाटक्या अवस्थेत ठेवल्याचंही उघडकीला आलं.

शेजारच्या नेपाळचीही कथा वेगळी नाही. तिथल्या यादवी युद्धाच्या काळात, १९९६ ते २००६ या दहा वर्षांत, हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यातल्या आईबापांनी दलालांना पैसे मोजले. का? तर आमचं लेकरू काठमांडूला सुरक्षित राहील, शिकेल. त्यातली कितीतरी मुलं 'अनाथ' म्हणून आश्रमांत सापडली. आईबाप डोंगरात जिवंत, आणि पोराच्या कागदावर ते मेलेले.

हे सगळं बाहेर आल्यावर जग थोडं हललं. कंबोडियात 'मुलं म्हणजे पर्यटकांनी बघायची ठिकाणं नाहीत' असं सांगणारी मोहीम २०११ मध्ये निघाली. पुढे तिथल्या सरकारनेही मुलांना घरी परत पाठवण्याचं काम हाती घेतलं. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणारा मुलांचा व्यापार हा त्याच गुलामगिरीचा प्रकार मानला.

आता कुणी म्हणेल, सगळेच आश्रम काही असे नसतात. बरोबर आहे, नसतात. पण चांगल्या आश्रमाचाही प्रश्न उरतोच. मी इथल्या बालवाडीत बारा वर्षं काम बघतेय. आमच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तर चार वर्षांचं एक पोर आठवडाभर दाराशी बसून राहायचं. आत येईना, खाऊ घेईना. त्याला तर संध्याकाळी घरी आई होती. ज्या मुलाला आईचीच ऊब नाही, त्याच्याकडे दर सहा आठवड्यांनी एक नवी ताई यायची, जीव लावायचा, मिठ्या मारायच्या, फोटो काढायचे आणि विमानात बसून निघून जायचं. मग दुसरी ताई, मग तिसरी. त्या पोराच्या मनाचं काय होत असेल? तेच 'वन टू थ्री' आणि तीच गाणी नव्या ताईबरोबर पुन्हा पहिल्यापासून, ते वेगळंच.

उद्या आपल्या अंगणवाडीत अनोळखी कॉलेजकुमार शिरले, पोरांना कडेवर घेऊन फोटो काढू लागले, तर आपण सेविकेला जाब विचारू की नाही? मग परदेशातल्या पोरांसाठी वेगळा नियम का?

मुलांशी संबंध नसलेल्या कामांतही घोटाळे होतात. पिपा बिडल नावाच्या एका अमेरिकन मुलीने २०१४ साली स्वतःचाच अनुभव लिहिला आणि तो जगभर वाचला गेला. शाळेत असताना ती मैत्रिणींबरोबर टांझानियाला गेली होती. एका अनाथाश्रमात वाचनालय बांधायचं होतं. दिवसभर मुली विटा रचायच्या. त्या इतक्या वाकड्यातिकड्या लागायच्या की रात्री गावातले गडी येऊन ते बांधकाम उतरवायचे, पुन्हा सरळ रचायचे. सकाळी मुलींना काही कळू द्यायचे नाहीत, त्यांना वाईट वाटू नये म्हणून! आपल्या गावात गवंड्याची हजेरी किती आणि विमानाचं तिकीट किती, हे तुम्हीच मनात ताडून बघा. त्या मुलीचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की तिने हे झाकून ठेवलं नाही.

दुसरं उदाहरण मलावीचं, आफ्रिकेतलं. कॅनडात २००० साली दोन तरुण इंजिनिअरांनी 'इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था काढली. कॉलेजाकॉलेजात तिच्या विद्यार्थी शाखा झाल्या. त्यांच्यातल्या एकाने मलावीत फिरताना पाहिलं, की कॅनडाच्या सरकारी पैशांतून बसवलेल्या पाण्याच्या नळांपैकी बरेचसे बंद पडलेत. आणि त्यांच्या अगदी जवळच, काही वर्षांपूर्वी अमेरिकन पैशांतून बसवलेले, तसेच बंद पडलेले नळ. नवी पाइपलाइन टाकायला सगळे तयार, नळाचा वायसर बदलायला कुणी नाही. हे वाचताना मला आमच्या आळीतला हातपंपच आठवला, दुसरं काय! त्या संस्थेने मात्र एक वेगळीच रीत पाडली. २००८ पासून त्यांनी स्वतःच्या चुकांचा अहवाल छापायला सुरुवात केली. आम्ही कुठे फसलो, का फसलो, सगळं लिहून. आपल्याकडे कुठल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात असं पान तुम्ही पाहिलंय का? मी तरी नाही. आमच्या गटाच्या अहवालातही नाही, हे आधी कबूल करते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मग पोरांनी घरातच बसायचं का? नाही हो. उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले.

२००७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात चार विद्यार्थ्यांना एक गृहपाठ मिळाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी, म्हणजे इनक्युबेटर, तेव्हा सुमारे वीस हजार डॉलरला पडायची. ती गरीब देशांसाठी स्वस्तात बनवायची. पोरं हुशार, वर्गात बसूनही एखादी स्वस्त पेटी बनवली असती. पण त्यांच्यातला एकजण नेपाळला गेला. काठमांडूच्या इस्पितळात बघतो तर दान आलेल्या पेट्या रिकाम्या! चौकशी केली तेव्हा कळलं, ज्या बाळांना ऊब हवी ती खेड्यापाड्यांत, घरीच जन्मतात. इस्पितळापर्यंत पोचतच नाहीत, वाटेत किंवा घरीच दगावतात. खेड्यात वीज नाही, की पेटी चालवायला माणूस नाही.

म्हणजे प्रश्नच वेगळा निघाला. पेटी स्वस्त करून उपयोग नव्हता, आईच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं. मग त्यांनी बाळाला गुंडाळायची दुपट्यासारखी पिशवी बनवली. तिच्या पाठीला मेणासारख्या पदार्थाची एक थैली. थैली गरम करून आत सरकवली, की चार-सहा तास बाळाला अंगाच्या तापमानाइतकी ऊब. सतत वीज लागत नाही, धुता येते. किंमत त्या पेटीच्या काही टक्केच. 'एम्ब्रेस' नाव ठेवलं, म्हणजे कवेत घेणं. गृहपाठ संपला, मार्क मिळाले, पण ही मुलं थांबली नाहीत. बंगळूरला येऊन राहिली, इथल्या दवाखान्यांतून पुन्हा पुन्हा करून बघितलं. आज वीसहून अधिक देशांत काही लाख बाळांना ती ऊब मिळाली आहे.

यातला एक प्रसंग तर आपल्यासारख्या बायकांनी ऐकायलाच हवा. पिशवीवर आधी तापमानाचा आकडा दाखवणारी पट्टी होती. भारतातल्या एका गावी आयांना दाखवली, तेव्हा एक आई म्हणाली, विलायती औषध फार कडक असतं, डॉक्टरांनी एक चमचा सांगितलं की आम्ही अर्धाच देतो. मुलं चमकली. म्हणजे हिला ३७ अंश सांगितले, तर बाळाला सोसायचं नाही म्हणून ही ३० वरच ठेवेल! मग त्यांनी आकडाच काढून टाकला. पुरेसं गरम झालं की 'ठीक' एवढंच दिसेल, असं केलं. अडाणी म्हणून त्या आईला हसले नाहीत. तिचं ऐकून स्वतःची वस्तू बदलली. मला वाटतं, सगळं सार इथेच आहे.

त्याच सुमाराला, २००८ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठातल्या चार मुलींनीही एक कल्पना काढली. असा फुटबॉल, की जो दिवसभर खेळला की आत वीज साठेल आणि रात्री पोरांना अभ्यासाला दिवा लागेल. कल्पना इतकी गोड की बड्या बड्या लोकांनी पाठ थोपटली, पैसे मिळाले, चेंडू देशोदेशी वाटले गेले. २०१४ मध्ये मेक्सिकोतल्या एका गावी रेडिओची बातमीदार जाऊन बघते, तर थोड्याच दिवसांत चेंडू बंद पडलेले. माल कमी पडला हे चालवणाऱ्यांनीही मान्य केलं. त्यापेक्षा साधा सौरदिवा बरा पडला असता, असं अनेकांनी म्हटलं. त्या मुलींची तळमळ कमी होती असं मी मुळीच म्हणणार नाही. पण चेंडू आवडला की नाही, हे सगळ्यांनी विचारलं. महिन्याभराने दिवा लागतोय का, हे वेळेवर कुणी विचारलं नाही.

आणि आपल्याला धडा घ्यायला अमेरिकेपर्यंत जायची तरी काय गरज? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे एक. वय जेमतेम अठ्ठावीस, नुकतंच मुंबईत वैद्यकीचं शिक्षण झालेलं. नागपूरचे डॉ. चोळकरही पथकात होते. बाकीचे चौघे पुढे परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, रुग्णांशी त्यांच्या भाषेत बोलू लागले. आघाडीवर अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये ग्वो चिंगलान नावाच्या नर्सशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन दोन्ही त्यात आले. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता, तोच ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, आपल्यातल्या थोरल्या बायकांना आठवत असेल. सगळ्यांनी तसंच करावं असं कुणी म्हणणार नाही, आपल्या लेकींनी तर नकोच. पण गेल्यावर तिथली भाषा शिकावी, तिथल्या माणसांना गरज आहे ते काम करावं, आणि जे काम आपल्याला येतं तेच करावं, हे तर घेण्यासारखं आहे? डॉक्टर गेले, त्यांनी डॉक्टरकी केली. इंजिनिअरिंगच्या मुलीने शिक्षिका का व्हायचं, आणि वीट कधी न धरलेल्या पोराने गवंडी का व्हायचं?

तर दोन आठवड्यांनी वहिनींची लेक गावी आली, तेव्हा मी तिला घरी बोलावलं. चहा-पोहे झाल्यावर सगळं सांगितलं. पोरीचे डोळे भरून आले. "काकू, तुम्ही सगळे नकारच कसे शोधता हो? मी काही वाईट करायला चालले होते का?" मला उत्तर सुचेना. तिचा हेतू वाईट नव्हताच. म्हटलं, "अगं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच विचारून बघ." तिला चार प्रश्न लिहून दिले. पाठवायच्या आधी तिने स्वतःच त्यांची भाषा जरा मऊ केली.

पहिला, हे काम तिथल्या कुणी मागितलं आहे? दुसरा, तिथलं कुणी हे करू शकत नाही का? सव्वा लाखात तिथल्या एखाद्या शिक्षिकेचा किती महिन्यांचा पगार निघेल? तिसरा, आपण परत आल्यावर पुढे कोण करणार, आणि काही चुकलं तर निस्तरणार कोण? आणि चौथा, मुलांशी संबंध असेल तर त्यांचे आईबाप कुठे आहेत? येणाऱ्या पाहुण्यांची चौकशी कोण करतं?

आठवड्याने उत्तर आलं. मुक्कामाचे फोटो, प्रमाणपत्राचा नमुना, शनिवार-रविवारच्या सहलींची यादी. पहिल्या तीन प्रश्नांवर 'ते तिथे गेल्यावर कळेल'. आईबापांबद्दल एक ओळ, तीही गोलगोल. तिने मला फोन करून वाचून दाखवलं आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आईला पाटल्या आत ठेवायला सांगा."

मला वाटलं, संपलं. पण पोरगी जिद्दीची. पुण्यात तिच्या होस्टेलच्या आजूबाजूच्या सोसायट्यांत पहारेकरी म्हणून नेपाळी कुटुंबं आहेत. जिन्याखालच्या खोलीत राहतात. तिने आणि तीन मैत्रिणींनी ठरवलं, यांच्या मुलांना इंग्रजी शिकवू. पहिल्या दिवशी एका पहारेकऱ्याच्या बायकोला ते सांगितलं, तर ती म्हणाली, इंग्रजीचं बघू नंतर, आधी माझ्या पोरीला शाळेत घालायचंय, तो फॉर्म कुणी भरून देत नाही. आणि गावी पैसे पाठवायचे असतात, त्यात किती कापले जातात ते कळत नाही. मग मुलींनी फॉर्मपासून सुरुवात केली. आता दोन मुली शाळेत जाऊ लागल्यात. वर्ग संध्याकाळी सातला ठेवला होता, तो त्या बायकांच्या सांगण्यावरून दुपारी तीनला आणला, कारण सातला त्यांची चार घरची पोळ्यांची कामं असतात. आमची लेक मोडकंतोडकं नेपाळी बोलायला लागलीय. परदेशी माणसाची सेवा जिन्याखालीच सापडली म्हणायची!

पण तिने जायचा हट्ट सोडलेला नाही, हेही सांगायला हवं. परवा म्हणत होती, "काकू, पुढच्या वर्षी त्या मावशींच्या गावी जायचंय. त्यांच्या गावच्या शाळेत सोलरची जोडणी बंद पडलीय म्हणे. मी शाळेच्या सरांना विचारलंय. ते म्हणाले, या, पण गावातल्या दोन पोरांना दुरुस्ती शिकवून जा." मी विचारलं, "आणि खर्च?" तर म्हणाली, "रेल्वे आणि बसने. थोडे मी साठवलेत."

वहिनी शेजारीच बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "ताई, तेव्हा कमी पडले तर?"

म्हटलं, "तेव्हा सराफाकडे मी स्वतः येईन तुमच्यासोबत. मात्र या वेळी भाऊजींना आधी सांगायचं."